‘तो धडा घरी वाचून या!’

परवा माझी मुलगी शाळेतून आली, दप्तर खाली टाकलं आणि म्हणाली, ‘‘आई, विज्ञानाचा तिसरा धडा संपला एकदाचा.’’ मी म्हटलं, ‘‘एवढ्यात? कालच तर सुरू झाला होता ना?’’ तर म्हणते, ‘‘फुलापर्यंत शिकवला. परागकण, बीजांड सगळं नीट झालं. माणूस आला आणि बाई म्हणाल्या, पुढचं घरी वाचून या. आकृती परीक्षेला येते, तेवढी पाठ करा.’’

मला हसावं की रडावं तेच कळेना. साधारण तीस वर्षांपूर्वी मी दहावीत होते, तेव्हा आमच्याही सरांनी अगदी हेच केलं होतं. सर खाली मान घालून, घसा खाकरून म्हणाले होते, ‘‘हा भाग सोपा आहे, घरी वाचा.’’ मुलं एकमेकांना कोपर मारून हसली आणि आम्ही मुलींनी पुस्तकं पटकन मिटली. या तीस वर्षांत शाळेतला फळा बदलला, प्रोजेक्टर आला, संगणक आले. मुलांच्या हातात मोबाइल आला, त्यात सगळं जग आलं. फक्त हा एक धडा तेवढा अजून ‘घरी वाचून या’वरच अडून बसलाय.

आणि घरी तरी कोण शिकवतं, मैत्रिणींनो? घरी आपण असतो. आपल्यालाच कुणी कधी नीट सांगितलेलं नसतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आमचं काय अडलं?

आमच्या भागातल्या बचत गटांचं आणि महिला मंडळाचं काम मी गेली काही वर्षं करते आहे. त्या ओळखीनं एका जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंनी मला बोलावलं. त्यांच्या सातवीतल्या एका मुलीला शाळेतच पहिली पाळी आली होती. आपल्याला काहीतरी भयंकर रोग झाला असं समजून ती पोर दोन दिवस कुणाशी बोलली नाही. जेवली नाही, शाळेत आली नाही. शेवटी शेजारच्या मुलीनं बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘‘ताई, मुलींशी तुम्ही बोला. आणि मुलांशीही कुणीतरी बोलायला हवं. पण आधी पालकांना विचारायला लागेल.’’

पालकसभा भरली आणि व्हायचं तेच झालं. ‘लैंगिक’ हा शब्द उच्चारला मात्र, निम्म्या बायांनी पदर तोंडाला लावला. एक गृहस्थ उठून म्हणाले, ‘‘नको त्या वयात नको ते शिकवून पोरं बिघडवायची आहेत का तुम्हाला?’’ मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, ‘‘आम्हाला कुणी सांगितलं होतं का गं? चार लेकरं झाली. आमचं काय अडलं?’’ सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी सभा तशीच उठली.

पण सभा संपल्यावर त्याच आजी माझ्याजवळ आल्या. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या, ‘‘बाई, अंग बाहेर येतं माझं. धाकट्याच्या बाळंतपणापासून. याला औषध असतं का?’’ मी हिशेब केला. धाकटा चाळिशीचा असेल. चाळीस वर्षं ही बाई हे सोसत होती. नवऱ्याला सांगितलं नाही, सुनेला नाही, डॉक्टरला तर नाहीच. सभेत त्या म्हणत होत्या, आमचं काय अडलं!

या आजी काही एकट्या नाहीत. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रियांचे काही ना काही आजार असल्याचं आढळलं. यापूर्वी कधीतरी आतून तपासून घेतलेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. बाकीच्या सगळ्या अंगावर काढत होत्या. अंगावरून पांढरं जाणं, कंबर धरणं हे बाईच्या जातीला चालायचंच, असं समजून. पुढे डॉ. राणी बंग यांनी तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ हा कार्यक्रम सुरू केला, त्याची मुळं मला या अंगावर काढण्यातच दिसतात. शरीराबद्दल बोलायची लाज लहानपणी शिकवली, की ती म्हातारपणापर्यंत पुरते.

बिघडतात ती कशानं?

‘पोरं बिघडतील’ ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. मीही आई आहे. माझा मुलगा सहावीत असताना त्यानं टीव्हीवरची सॅनिटरी पॅडची जाहिरात बघून विचारलं होतं, ‘‘आई, हे कशासाठी असतं?’’ मी फटकन म्हणाले, ‘‘तुला काय करायचंय? अभ्यास कर.’’ त्यानं परत कधी मला असं काही विचारलं नाही. मला वाटलं, विषय संपला. विषय संपला नव्हता. त्यानं फक्त विचारायचं माणूस बदललं होतं. दोन वर्षांनी त्याच्या मित्राच्या मोबाइलवर काय काय असतं ते कळलं, तेव्हा माझे डोळे उघडले.

आज प्रश्न ‘मुलांना सांगायचं की नाही’ हा उरलेलाच नाही. त्यांना कुणी ना कुणी सांगतंच आहे. मोबाइल सांगतोय, वरच्या वर्गातली मुलं सांगताहेत, पानाच्या टपरीवरचे दादा सांगताहेत. जे सांगताहेत ते अर्धवट, चुकीचं आणि बाईला वस्तू समजणारं. मग शाळेनं खरं सांगावं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आणि खरं सांगितल्यानं मुलं बिघडतात का? युनेस्कोनं याबद्दलची मार्गदर्शक पुस्तिका २००९ मध्ये काढली आणि २०१८ मध्ये सुधारून पुन्हा काढली. त्यासाठी जगभरातले अभ्यास तपासले. त्यातून दिसलं ते असं, की शाळेत असं शिक्षण दिल्यानं मुलं लवकर त्या वाटेला जातात असं होत नाही. उलट माहिती असलेली मुलं थांबतात, विचार करतात, जपून वागतात.

यात असतं तरी काय?

लैंगिक शिक्षण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते. खरं तर त्यात वयाप्रमाणे पायऱ्या असतात. आपण पहिलीच्या मुलाला बीजगणित शिकवत नाही, तसंच हे.

पहिली-दुसरीच्या मुलांना शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं सांगायची, हात-पाय-नाक सांगतो तितक्याच सहज. चड्डीच्या आतल्या भागाला कुणी हात लावायचा नाही, लावला तर ओरडायचं, पळायचं, घरी सांगायचं, हे शिकवायचं. २०१२ मध्ये ‘सत्यमेव जयते’ या टीव्हीवरच्या कार्यक्रमात आमिर खानने लहान मुलांना हेच समजावलं होतं, आठवतं ना? त्यात लाजण्यासारखं काय होतं?

पाचवी ते सातवीत वयात येताना काय होतं ते सांगायचं. मुलींना साधारण आठ ते तेरा या वयात बदल सुरू होतात. पाळी त्यानंतर दोनेक वर्षांत येते. म्हणजे ते सांगायची वेळ पाळी आल्यावरची नाही, आधीची आहे. मुलग्यांनाही सांगायचं. आवाज फुटणं, मिसरूड येणं, झोपेत वीर्य जाणं. याला आपल्याकडे ‘स्वप्नदोष’ म्हणतात. दोष कसला त्यात? ती निसर्गाची रीत. पण ‘दोष’ म्हटल्यामुळे किती मुलं मनातल्या मनात कुढतात आणि ‘गुप्तरोग’वाल्या भोंदूंच्या जाहिरातींना भुलून पैसे घालवतात.

आठवी ते दहावीत मग गर्भ कसा राहतो, कसा टाळतात, एड्ससारखे आजार कसे होतात. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, आईवर नाही. एवढी एक गोष्ट प्रत्येक मुलाला दहावीपर्यंत पक्की कळली, तर ‘हिला मुलीच होतात’ म्हणून टोमणे खाणाऱ्या किती सुना सुटतील!

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संमती. समोरचा ‘नको’ म्हणाला की नको. आणि कायदा काय म्हणतो तेही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अठराच्या आतलं प्रत्येक जण मूलच धरलं आहे. ‘तिची मर्जी होती’ हे कारण तिथे चालत नाही. पळून गेलेल्या जोडप्यातला सतरा-अठराचा पोरगा पोलिस ठाण्यात बसतो, तेव्हा त्याची आई आमच्याकडे रडत येते. ‘‘ताई, त्याला काय माहीत हो असला कायदा असतो ते!’’ तिचं खोटं नसतं. त्याला खरंच कुणी सांगितलेलं नसतं.

मुलींना एका वर्गात बसवायचं, पाळीवर अर्धा तास बोलायचं, पॅडचं पाकीट द्यायचं आणि तेवढा वेळ मुलांना ग्राउंडवर खेळायला सोडायचं, ही आपली सध्याची रीत आहे. पाळीचं पाकीट दिसलं की हसणारा मुलगा त्या ग्राउंडवरच तयार होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हाही आपण मुलींनी कसं जपून राहावं यावरच जास्त बोललो. मुलग्यांना काय शिकवायचं, हे कमी बोललो.

नव्वद वर्षांपूर्वीही हेच

हा वाद काही आजचा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी प्राध्यापकाच्या नोकरीवर पाणी सोडलं. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडली ती खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला. पण मासिक काही बंद पडलं नाही.

ज्या मातीत हे घडलं, त्याच महाराष्ट्रात पुढे काय झालं? केंद्र सरकारनं २००५ मध्ये शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला. पुस्तिकेतल्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनंही शाळेत लैंगिक शिक्षण नको, असाच अहवाल दिला.

गंमत म्हणजे त्याच २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा एक मोठा अभ्यास आला होता. १३ राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलून तो केलेला. त्यात ५३ टक्के मुलांनी आपल्यावर कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं. त्यात मुलगेही मुलींइतकेच होते. आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्या मुलांच्या ओळखीतले, विश्वासातले होते. एका हातानं हा अहवाल वाचायचा आणि दुसऱ्या हातानं वर्गाचं दार लावायचं, असं झालं.

सगळीकडे दारं बंद झाली असंही नाही. झारखंडसारख्या राज्यानं २००६ पासून सरकारी शाळांतून ‘उडान’ नावानं असं शिक्षण चालवून दाखवलं. २०२० मध्ये केंद्रानं आयुष्मान भारत योजनेखाली शाळांसाठी आरोग्य कार्यक्रम आणला, त्यात प्रजनन आरोग्य हा विषय आहे. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये मुलांच्या अश्लील चित्रफितींबद्दलच्या निकालात सर्वांगीण लैंगिक शिक्षणाची गरज सांगितली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर हे नववीपासून नको, त्याच्याही आधीपासून हवं, असं म्हटलं. कागदावर रस्ता बराच मोकळा झालाय. अडलंय ते वर्गात, बाईंच्या घशात आणि आपल्या पदरात.

एक चिठ्ठी

आता त्या शाळेचं पुढे काय झालं ते सांगते. बाईंनी चिकाटी सोडली नाही. दुसऱ्या सभेला त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमना आणि गावच्या आशाताईंना बोलावलं. काय शिकवणार ते आधी पालकांना वाचून दाखवलं. अंग बाहेर येणाऱ्या आजींनी तोवर उपचार सुरू केले होते. त्यांनीच उठून सांगितलं, ‘‘शिकवू द्या पोरींना. आमच्यासारखं नको व्हायला.’’ मग कुणी फारसं बोललं नाही.

आम्ही वर्गात एक खोका ठेवला. नाव न लिहिता प्रश्न टाकायचे. बरेचसे प्रश्न साधे होते. पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का? आवाज असाच राहणार का? मुलगी पाहिली की कसंतरी होतं, ते पाप आहे का? त्यात एक चिठ्ठी निघाली. वहीच्या पानाचा तुकडा, पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘घरातल्या माणसाने तसा हात लावला आणि सांगू नको म्हणाला तर कोणाला सांगायचे?’

माझे हात गार पडले. चिठ्ठी कुणाची ते कळायला मार्ग नव्हता आणि शोधायचंही नव्हतं. मी सगळ्या वर्गाला मिळूनच उत्तर दिलं. यात तुमची चूक अजिबात नाही. सांगू नको म्हणणाराच चुकलेला असतो. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. कुणीच नाही वाटलं तर १०९८ हा फोन आहे, पैसे लागत नाहीत. बाईंनी तो नंबर फळ्यावर मोठा लिहिला आणि पुसला नाही.

चौथ्या दिवशी एक मुलगी मधल्या सुट्टीत बाईंकडे आली. गाव, शाळा, नातं काही मी इथे लिहिणार नाही. पॉक्सो कायद्यात असं कळल्यावर पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, गप्प बसणं हाच गुन्हा आहे. बाईंनी कळवलं. पुढचं कायद्याप्रमाणे झालं. सोपं नव्हतं. गावातल्या काहींनी बाईंशी बोलणं टाकलं.

तिच्या आईला मी भेटले तेव्हा ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘‘ताई, मला का नाही सांगितलं तिनं? मी आई ना तिची?’’ मी काय बोलणार? त्या बाईनं लेकीवर जीव टाकला होता. पहाटे उठून भाकऱ्या करून, दुसऱ्याच्या शेतात राबून तिला शाळेत घातलं होतं. तिनं काही कमी केलं नव्हतं. पण त्या पोरीजवळ सांगायला शब्दच नव्हता. घरात त्या जागेचं नाव घ्यायचं नसतं एवढंच तिला माहीत होतं. ज्याचं नाव घ्यायचं नाही, त्याची तक्रार ती कशी करणार?

म्हणून मी म्हणते, हे सरकारी शाळेतच आधी हवं. शहरातल्या मोठ्या फीच्या शाळा समुपदेशक बोलावतात. शिकलेले आईबाप पुस्तकं आणतात. ज्यांचं घर मजुरीवर चालतं, ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावीला बसतंय, त्यांच्या मुलांना शाळेशिवाय दुसरं ठिकाण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. म्हणजे दर पाचांत एकीचं. त्या मुलींना हे सगळं कळायच्या आत त्या सासरी पोचलेल्या असतात.

आपण काय करायचं?

मोर्चा काढायला नको. आपल्या हातात बरंच आहे, फक्त आपल्याला ते माहीत नसतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात. बऱ्याचदा आपण तिथे नुसती सही करून येतो. या वेळी तोंड उघडा. विचारा, दहावीचा तो धडा वर्गात शिकवतात का? सातवीच्या मुलींना आधी कोण सांगतं? मुलग्यांना कोण सांगतं? २०२२ पासून शाळांत ‘सखी सावित्री’ समिती असायला हवी, आपल्या शाळेत आहे का, तिच्या बैठका होतात का? तक्रारपेटी कोण उघडतं? सरकारी रुग्णालयांत वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतात, तिथल्या समुपदेशकांना शाळेत बोलावता येतं.

शिक्षकांवर नुसतं ओरडून चालणार नाही हेही खरं. त्यांनाही कुणी शिकवलेलं नाही. त्यांना प्रशिक्षण मिळायला हवं. आणि धडा शिकवणाऱ्या बाईंवर कुणी बोट उचललं, तर आपण चारजणींनी त्यांच्या बाजूला उभं राहायला हवं. त्या गावातल्या बाईंशी बोलणं टाकलं होतं ना, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या घरी चहाला कोण गेलं माहीत आहे? त्याच आजी.

आणि घरी? निदान विचारलं की ‘अभ्यास कर’ म्हणायचं नाही, एवढं तरी करू या. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, आपण डॉक्टर मॅडमना विचारू’ म्हणायचं. त्यात आईचा मान कमी होत नाही.

त्या रात्री मुलीनं पुस्तक आणलं तेव्हा जेवणं झाली होती. मी ओटा आवरला, हात पुसले आणि म्हटलं, बस इथे. तिसरा धडा काढ. पहिली पाच मिनिटं मलाच अवघड गेली, घसा कोरडा पडला. मग जमलं. मधेच कॉलेजातून आलेला मुलगा पाणी प्यायला आत आला, आम्ही काय वाचतोय ते पाहिलं आणि जायला निघाला. मी म्हटलं, ‘‘जाऊ नको, तूही बस. तुझं एक उत्तर माझ्याकडे राहिलंय.’’

तो बसला.